वाचकांचे प्रश्न : ऑपरेशन होऊन गेलं, मग मणक्यात हे पाणी कुठून साठलं?

मागच्या अंकात मणक्याच्या ऑपरेशननंतर घ्यायच्या काळजीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींमध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा आलाय, ॲरॅक्नॉइड सिस्ट. तसा हा प्रकार दुर्मिळ आहे, कित्येक डॉक्टरांनासुद्धा आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये मोजून दोन-चारच दिसतात, आणि म्हणूनच ज्याच्या रिपोर्टवर तो शब्द येतो त्याला धड माहिती कुठेच मिळत नाही. म्हणून यावेळचा सगळा कॉलम यालाच देतोय.

प्रश्न : माझ्या बाबांचं ४ वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्यात ऑपरेशन झालं, मज्जारज्जूला लागून साधी गाठ होती, कॅन्सरची नव्हती. नंतर ते छान चालायला लागले होते. आता ७-८ महिने झाले, डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्यांना कळतही नाही. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, भिंतीला हात लावतात. सगळे म्हणतात वय झालं. मी हट्टाने एमआरआय करून घेतला तर त्यात ॲरॅक्नॉइड सिस्ट लिहिलंय. गाठ परत आली का? कॅन्सर आहे का?

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. ॲरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे कॅन्सर नाही, आणि ती कॅन्सर होतही नाही. ती मांसाची गाठच नाही, पाण्याने भरलेला एक कप्पा आहे. आणि ते पाणीही बाहेरून आलेलं नाही, आपलंच आहे.

आपला मेंदू आणि मज्जारज्जू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात असतात, त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात एकावेळी साधारण १५० मिली असतं, पण शरीर रोज जवळपास ५०० मिली नवीन बनवतं आणि तेवढंच जुनं शोषून घेतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते सगळं बदलतं. हे पाणी एका जागी थांबलेलं नसतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडं वरखाली हलतं. त्याच्याभोवती तीन आवरणं. सगळ्यात बाहेर ड्युरा, जाड आणि चिवट. तिला आतून चिकटून ॲरॅक्नॉइड, इतकी पातळ की मायक्रोस्कोपखालीही ती आरपार दिसते, आणि तिचे बारीक धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे आत पसरलेले असतात, म्हणून मराठी पुस्तकात तिला जालतानिका म्हणतात. तिसरं आवरण थेट मज्जारज्जूवर चिकटलेलं. पाणी असतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे.

आता बाबांच्या ऑपरेशनमध्ये काय झालं असणार ते बघा. मज्जारज्जूजवळची गाठ काढायची म्हणजे ड्युरा आणि ॲरॅक्नॉइड दोन्ही उघडावी लागतात, दुसरी वाटच नाही. कितीही जपून केलं तरी थोडं रक्त त्या पाण्यात मिसळतं, आणि या नाजूक पडद्याला रक्त अजिबात सोसत नाही, त्याला सूज येते आणि सूज ओसरताना पडदे जागोजागी एकमेकांना चिकटतात. बहुतेक लोकांमध्ये हे चिकटणं एवढंसं असतं आणि काहीच होत नाही. एखाद्याच्या बाबतीत मात्र ते असं जुळून येतं की मधे एक कप्पा तयार होतो, ज्यात ठोक्यागणिक पाणी ढकललं जातं पण तितक्या सहज परत बाहेर येत नाही. मग महिन्यामहिन्याने, कधी वर्षावर्षाने तो फुगत जातो आणि शेजारच्या मज्जारज्जूला एका बाजूला दाबतो. म्हणून मधली तीन-साडेतीन वर्षं बाबा चांगले होते. हा मधला चांगला काळ महत्त्वाचा आहे, डॉक्टरांना तो आवर्जून सांगा.

बेसिनची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत. आपले पाय कुठे आहेत हे आपल्याला न बघताही कळतं, कारण मज्जारज्जूच्या मागच्या भागातून ती माहिती वर जात असते. ऑपरेशननंतरचे असे कप्पे पुष्कळदा पाठीच्या भागात, मज्जारज्जूच्या मागेच होतात, आणि दाब त्याच भागावर येतो. डोळे उघडे असले की माणूस नजरेने सांभाळून घेतो, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तो आधारच जातो आणि तोल सुटतो. रात्री अंधारात बाथरूमला जातानाही असंच होत असेल, विचारून बघा. चप्पल निसटलेली न कळणं हाही त्याच घरातला प्रकार. वयामुळे चाल मंदावते हे खरं आहे, पण एकाच पायातली चप्पल महिनोन्महिने निसटायला लागली तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये, आणि तुम्ही हट्ट केलात ते अगदी बरोबर केलंत.

जुनी गाठ परत आली का, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मिळतं. एमआरआय कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत उजळणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन केला नसेल तर तसा करून घ्यायला सांगतील. परत आलेली गाठ बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट घेऊन उजळते, पाण्याचा कप्पा उजळत नाही, सगळ्या फोटोंमध्ये तो सीएसएफसारखाच दिसतो. ऑपरेशनच्या आधीची आणि लगेच नंतरची फिल्म शोधून ठेवा आणि शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच न्यूरोसर्जनना आधी दाखवा. महिनाभराने जाऊ असं करू नका, या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. चालण्यात फरक पडलाय आणि तो वाढतोय, ही थांबायची वेळ नाही.

प्रश्न : म्हणजे ऑपरेशन करताना डॉक्टरांची चूक झाली असंच ना? माझ्या मिस्टरांच्या कागदावर 'ड्युरा फाटली, शिवली' असं लिहिलेलं नंतर सापडलं, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमचा राग मला कळतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ड्युरा फाटणं हे कमरेच्या ऑपरेशनमध्ये माहीत असलेलं गुंतागुंतीचं प्रकरण आहे. विशेषतः दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर जुन्या व्रणात ड्युरा हाडाला नाहीतर लिगामेंटला चिकटलेली असते, वय जास्त असेल तर ती पातळ झालेली असते, आणि हाड सोडवताना ती फाटू शकते. चांगल्यातल्या चांगल्या हातून होतं. झालं की ते तिथेच दिसतं, पाणी येतं, आणि तिथल्या तिथे शिवतात किंवा वरून पॅच आणि ग्लू लावतात. अशा फाटलेल्या जागेतून कधीकधी ॲरॅक्नॉइडचा पातळ पडदा बाहेर फुगा धरतो आणि पुढे सिस्ट बनते, पण फाटलेल्यांपैकी बहुतेकांना असं काही होत नाही. आणि उलटही आहे, कुठेही काही न फाटता, सगळं नीट होऊनही सिस्ट झालेले पेशंट असतात. तेव्हा सिस्ट झाली म्हणजे चूक झाली असा सरळ हिशोब लावता येत नाही.

पण तुम्हाला सांगितलं नाही ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला पटत नाही. फाटलं तर त्याच दिवशी पेशंटला आणि घरच्यांना साध्या शब्दात सांगायला हवं, कारण दोन वर्षांनी त्या माणसाचे पाय जड व्हायला लागले तर ही माहिती त्याच्या कामाची आहे. डिस्चार्ज कार्डात ते कधीकधी नसतं, ऑपरेशन नोट म्हणून वेगळा कागद असतो त्यात असतं. त्याची कॉपी मागून घ्या, आणि पुढे ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्यांदा ती दाखवा. मी तर म्हणेन ऑपरेशन कुठलंही असो, तो कागद घरात हवाच.

प्रश्न : कमरेच्या ऑपरेशनला ३ आठवडे झाले. टाक्यांच्या जागी मऊ फुगवटा आलाय, खोकलं की टम्म होतो. बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. हीच का ती सिस्ट?

नाही, पण हे जास्त घाईचं आहे, आधी सर्जनला फोन करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही वर्णन करताय त्यावरून ड्युरामधून पाणी गळून बाहेर स्नायूंमध्ये साठतंय असं वाटतं. त्याला स्यूडोमेनिंगोसील म्हणतात. सिस्टला स्वतःचा पातळ पडदा असतो, याला तसा नसतो, नुसतं गळालेलं पाणी आजूबाजूच्या मांसात जागा करून बसलेलं असतं. बसल्यावर डोकं दुखणं आणि झोपल्यावर थांबणं ही सीएसएफ कमी पडत असल्याची ठरलेली खूण आहे. पुष्कळदा आडवं राहून, वरून दाबपट्टी बांधून ते भरून येतं, कधी कमरेत नळी घालून काही दिवस पाणी बाहेर काढावं लागतं, कधी परत उघडून शिवावं लागतं, ते तपासणारे डॉक्टर ठरवतील.

जखमेतून पाण्यासारखं काही बाहेर येत असेल, ताप असेल, मान आखडली असेल, उजेड सहन होत नसेल तर फोनवर अपॉइंटमेंट मागत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. कारण आतलं पाणी बाहेर येतंय म्हणजे बाहेरचे जंतूही आत जाऊ शकतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, तो फुगा कोणाकडून तरी सुई घालून रिकामा करून घेऊ नका. मऊ आहे, पाणी आहे, काढून टाकू, असं म्हणणारे भेटतात. तो थेट मज्जारज्जूच्या पाण्याशी जोडलेला असतो.

प्रश्न : सिझेरियनला पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली होती. तेव्हापासून कंबर दुखते. मलाही सिस्ट झाली असेल का?

ताई, बहुतेक नाही. पाठीतल्या इंजेक्शननंतर किंवा पाठीतून पाणी काढल्यानंतर सिस्ट झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत पण ती एवढी विरळ आहेत की नुसत्या कंबरदुखीवरून तिथे उडी मारायची गरज नाही. भुलीची सुई कमरेच्या खालच्या भागात देतात, मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. बाळाला उचलणं, वाकून पाजणं, पोटाचे स्नायू सैल पडलेले, कंबर दुखायला एवढी कारणं पुरेशी आहेत. पायात जोर कमी वाटला, बधिरपणा वाढत गेला किंवा लघवीत फरक पडला तर मात्र दाखवा.

प्रश्न : आईला १९७० च्या दशकात पाठीत रंग घालून एक्स-रे काढला होता. आता तिच्या एमआरआयमध्ये सिस्ट आणि नसा चिकटल्याचं लिहिलंय. एवढ्या वर्षांनी?

हो, असं होऊ शकतं. त्या तपासणीला मायलोग्राम म्हणतात आणि १९४० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत त्यासाठी तेलासारखा एक रंग वापरायचे, पँटोपेक या नावाने तो ओळखला जायचा. तो शरीरात शोषला जात नव्हता, थेंब थेंब तिथेच राहायचा, आणि काही लोकांमध्ये त्याने ॲरॅक्नॉइडला कायमची सूज यायची. नसा एकमेकींना किंवा ड्युराला चिकटायच्या, याला ॲरॅक्नॉइडायटिस म्हणतात, आणि अशा चिकटलेल्या जागी पुढे सिस्ट होऊ शकते. आता वापरतात तो रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि शरीरातून निघून जातो, त्यामुळे आज कोणाला मायलोग्राम सांगितला तर हे वाचून घाबरू नका. आईच्या डॉक्टरांना मात्र ती जुनी तपासणी नक्की सांगा, तुमच्याशिवाय कोणाला ते आठवणार नाही.

प्रश्न : एका डॉक्टरांनी ॲरॅक्नॉइड सिस्ट सांगितलं, दुसरे म्हणाले वेब आहे, तिसऱ्यांनी मज्जारज्जूच पुढे सरकून ड्युराच्या भोकात अडकलाय असं सांगितलं. एकच फोटो आणि तीन नावं. कोणावर विश्वास ठेवायचा?

तिघेही प्रामाणिक असू शकतात. या तिन्हीमध्ये साध्या एमआरआयवर एकच गोष्ट दिसते, मज्जारज्जू पुढच्या बाजूला ढकललेला आणि मागे नेहमीपेक्षा जास्त पाणी. आता ते मागचं पाणी एका बंद कप्प्यात आहे आणि तो कप्पा ढकलतोय, तर ती सिस्ट. कप्पा नाही, फक्त एक आडवा जाड पडदा आहे जो मज्जारज्जूला एकाच ठिकाणी खाच पाडतोय, तर तो वेब, आणि त्यात मज्जारज्जूची मागची कड बाजूने बघितली तर सर्जरीच्या पात्यासारखी दिसते. आणि ढकलणारं काहीच नाही, पुढे ड्युराला भोक पडलंय आणि मज्जारज्जू त्यात ओढला गेलाय, तर ते हर्निएशन.

हे ओळखणं नुसतं नावापुरतं नाही कारण तिन्हीचं ऑपरेशन वेगळं आहे. सिस्ट समजून मागून उघडलं आणि खरी अडचण पुढे असली तर पेशंटची सगळी तयारी, सगळा त्रास फुकट. म्हणून अशा वेळी पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात. एमआरआयचेच जास्त बारीक काप घेणारे सिक्वेन्स असतात, त्यात तो पातळ पडदा दिसण्याची शक्यता वाढते. पाणी कसं हलतंय ते दाखवणारा सिने एमआरआय असतो, कप्प्यात पाणी अडतंय का ते त्यात समजतं. आणि सीटी मायलोग्राम, म्हणजे कमरेतून रंग घालून सीटी, त्यात रंग कप्प्यात शिरतो की नाही, लगेच शिरतो की काही तासांनी, हे कळतं. मागच्या ऑपरेशनमध्ये स्क्रू-रॉड घातले असतील तर एमआरआयवर त्या धातूमुळे काळे डाग पडतात आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते, तेव्हा तर सीटी मायलोग्रामच उपयोगी पडतो.

विश्वास कोणावर, तर जे डॉक्टर म्हणतील की मला अजून एक तपासणी लागेल, त्यांच्यावर मी जास्त ठेवीन. रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका, सगळे फोटो असलेली सीडी न्या.

प्रश्न : मला सिस्ट आहे पण त्रास काहीच नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये दिसली. काढून टाकू का? आणि ऑपरेशनऐवजी सुईने पाणी काढता येत नाही का?

त्रास नाही तर काढायची नाही. हे मी अगदी ठामपणे लिहितोय कारण भीतीपोटी ऑपरेशन मागणारे पेशंट भेटतात. मज्जारज्जूजवळचं प्रत्येक ऑपरेशन नवा व्रण ठेवून जातं, आणि व्रणातूनच तर हे सगळं सुरू होतं. तपासून घ्या, म्हणजे न्यूरोसर्जन पायांची ताकद, रिफ्लेक्स, बोटांची जाणीव, चाल सगळं नीट बघतील, कारण कधीकधी पेशंटला त्रास जाणवत नसतो पण तपासणीत सापडतो. तिथेही सगळं ठीक असेल तर ठरलेल्या अंतराने एमआरआय आणि तपासणी, एवढंच. एक गोष्ट मात्र त्या एमआरआयमध्ये विचारून घ्या, मज्जारज्जूच्या आत पोकळी तयार होतेय का. तिला सिरिंक्स म्हणतात. बाहेरच्या कप्प्यामुळे पाण्याचा प्रवाह अडला की कधीकधी मज्जारज्जूच्या आतच पाणी साठायला लागतं, आणि तसं असेल तर थांबायचा विचार बदलू शकतो.

सुईने पाणी काढलेलं सहसा टिकत नाही. वाट तीच राहते, ठोक्यागणिक पाणी ढकललं जातच असतं, कप्पा पुन्हा भरतो. माझ्याकडे एक पेशंट आल्या होत्या, त्यांना असं एकदा केल्यावर पंधरा दिवस इतकं हलकं वाटलं की त्या पुन्हा जिने चढायला लागल्या, आणि मग हळूहळू सगळं परत. त्या पंधरा दिवसांचा एक उपयोग झाला, त्रास याच सिस्टमुळे होतो याची खात्री पटली. पण इलाज म्हणून मी ते सुचवणार नाही.

प्रश्न : भावाला ऑपरेशन सांगितलंय. नेमकं काय करतात? पाय पूर्ववत होतील का? परत होते का?

सिस्ट ड्युराच्या बाहेर आहे की आत, यावर बरंच अवलंबून असतं. १९८८ साली नेबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सिस्टचे तीन प्रकार पाडले, आजही डॉक्टर तेच वापरतात : ड्युराच्या बाहेरची आणि जिच्यात नस नाही ती पहिली, बाहेरची पण जिच्यात नसांचे धागे आहेत ती दुसरी, आणि ड्युराच्या आतली ती तिसरी. बाहेरची असेल तर सिस्ट काढून ड्युरामधलं भोक नीट शिवणं हे मुख्य काम, भोक राहिलं तर सिस्ट परत भरते. ऑपरेशननंतर चिकटून झालेली बहुतेक आतली असते, आणि ते काम जास्त नाजूक.

मागून मणक्याचं थोडं हाड काढून ड्युरा उघडतात, मायक्रोस्कोपखाली. ती उघडली की बऱ्याचदा मधे एक फुगलेला, पारदर्शक पडदा दिसतो आणि खाली दबलेला मज्जारज्जू, चपटा, एका बाजूला सरकलेला, त्याचे ठोकेही नीट दिसत नाहीत. पडद्याला छेद दिला की पाणी बाहेर येतं, कधी तर उसळून येतं. मग थोडा वेळ कोणी काही करत नाही, नुसतं बघत राहायचं. हळूहळू तो चपटा भाग भरून यायला लागतो आणि हृदयाच्या लयीत पुन्हा हलायला लागतो. मी हे कितीदाही बघितलं तरी दर वेळी थिएटरमधलं बोलणं आपोआप थांबतं.

मोह असा होतो की सगळा पडदा काढून टाकावा. पण जिथे तो मज्जारज्जूला घट्ट चिकटलाय तिथे ओढायचा नाही, तेवढा तुकडा तसाच सोडायचा आणि वर-खाली दोन्हीकडे मोठी वाट करून द्यायची म्हणजे पाणी पुन्हा अडणार नाही. याला फेनेस्ट्रेशन म्हणतात, आणि भावाच्या कागदावर पूर्ण काढलं नाही असं लिहिलेलं दिसलं तर नाराज होऊ नका, तो बहुतेकदा शहाणपणाचा निर्णय असतो. ऑपरेशनभर नसांचे सिग्नल मशीनवर बघत राहतात. खूपच चिकटलेलं असेल, कप्प्यात कप्पे असतील, तर कधी बारीक नळी घालून पाणी दुसरीकडे, उदाहरणार्थ पोटात, सोडतात, पण नळ्या तुंबतात, म्हणून ती पहिली पसंती नसते.

पाय पूर्ववत होतील का याचं उत्तर किती दिवस दाब होता यात आहे. दुखणं, आणि नुकती आलेली कमजोरी, बरेचदा चांगली सुधारते. वर्षभराची बधिरता आणि लघवीचा त्रास हळू सुधारतो, आणि कधी अर्ध्यावर थांबतो. पायात कडकपणा, ताठरपणा थोडा राहू शकतो. पहिले काही दिवस काहींना आधीपेक्षा जास्त मुंग्या येतात, त्याने हबकून जाऊ नये, पण जोर कमी होत असेल तर लगेच सांगावं. परत होऊ शकते, हो. जन्मतः असलेल्या साध्या सिस्टपेक्षा ऑपरेशन, रक्तस्राव किंवा मेंदूज्वरानंतर चिकटून झालेल्या सिस्टमध्ये ती शक्यता जास्त, कारण चिकटण्याची मूळ प्रवृत्ती तिथेच असते. म्हणून पुढे काही वर्षं एमआरआयने लक्ष ठेवतात.

प्रश्न : मालिश, ट्रॅक्शन, मणका बसवून घेणं याने फायदा होईल का?

सिस्टला नाही. मणका कडकन वाजवून बसवणं आणि ट्रॅक्शन तर मज्जारज्जू दबलेला असताना अजिबात नको. तोल सांभाळायचे आणि स्नायू टिकवायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, त्याने पडणं टळतं, ऑपरेशन झालं तर नंतरही तेच कामाला येतं.

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे, ३ वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालंय. पाठीत आणि छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं, कधी दोन आठवडे काहीच नसतं, कधी उठता येत नाही. तपासायला जाते तेव्हा नेमकी बरी असते. घरचे आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन आहे. मलाच आता वाटायला लागलंय की माझ्याच मनाचे खेळ आहेत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुखणं येतं-जातं म्हणून ते खोटं ठरत नाही, उलट पाण्याच्या कप्प्याचा दाब कमी-जास्त होत असतो, त्यामुळे त्रासही कमी-जास्त होतो, हे या आजारात बघायला मिळतं. छातीभोवती पट्ट्यासारखं दुखणं पाठीच्या भागातली नस दबल्यावर तसंच येतं. तुम्हाला सिस्टच आहे असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नवीन प्रकारचं दुखणं सुरू झालं तर एमआरआय न करता टेन्शन म्हणणं मला चालणार नाही.

एक करा. वहीत रोज दोन ओळी लिहा. दुखलं तेव्हा उभ्या होतात, बसला होतात की झोपलेल्या, खोकला-शिंक-जोर करणं याने वाढलं का, झोपून कमी झालं का, पाय जड होते का, पायाला गरम-गार कमी कळलं का, लघवी सुरू व्हायला वेळ लागला का. आणि वाईट दिवशी घरच्या कोणाला तरी तुमचा चालतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा, समोरून आणि मागून. बरं असताना तपासायला गेलात तरी तो व्हिडिओ डॉक्टरांना वाईट दिवस दाखवेल. आणि जाताना असं म्हणा की माझं आधीचं दुखणं वेगळं होतं, हे वेगळं आहे, आणि फरक काय ते नेमका सांगा. आधी पायात जायची कळ, आता पट्टा, असं. या एका वाक्याने पुष्कळदा तपासणीची दिशा बदलते.

मधल्या काळात दोन्ही पायांचा जोर अचानक कमी झाला, लघवी तुंबली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर झालं, तर वही-बिही ठेवा बाजूला आणि त्याच तासाला इमर्जन्सीला जा, रात्र असली तरी.

प्रश्न : जुने एमआरआय किती वर्षं ठेवायचे? घरात नुसता पसारा झालाय.

मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर कायमचे. आधीचा एक, नंतरचा पहिला एक आणि ऑपरेशन नोट, एवढे तरी एका मोठ्या पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवा. सीडी पुढे चालत नाहीत, म्हणून आत्ताच त्यातले फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या, आणि मोबाईलवर काढलेले फिल्मचे फोटो पुरत नाहीत, त्यात बारीक पडदे दिसत नाहीत. पाकीट कुठे ठेवलंय ते घरात अजून एकाला सांगून ठेवा.